सत्तरीनंतरचा मेडिक्लेम: फॉर्म भरताना प्रतिनिधीने नेमके काय करावे?

प्रश्न : नाशिकरोडचा विमा प्रतिनिधी

नमस्कार. मी अकरा वर्षांपासून नाशिकमध्ये विमा प्रतिनिधी म्हणून काम करतो आहे. एक आयुर्विमा कंपनी, एक सर्वसाधारण विमा कंपनी आणि एक फक्त आरोग्यविमा करणारी कंपनी, अशा तिन्हींचे काम माझ्याकडे आहे. येथे विमा क्षेत्रातील जाणकार, वकील आणि ज्येष्ठ मंडळीही लिहितात, म्हणून सध्या अडलेला एक प्रश्न सविस्तर मांडतो.

२०२४ च्या मार्चपर्यंत माझे काम एका अर्थी सोपे होते. कंपन्यांनी निदान पासष्टीपर्यंत प्रवेश द्यावा, एवढेच जुन्या नियमांचे बंधन होते. त्यापुढे द्यायचा की नाही हे त्यांच्या मर्जीवर असे आणि ती मर्जी सहसा होत नसे. त्यामुळे पासष्टी उलटलेल्या गृहस्थांना दोन-तीन योजनांची नावे सांगून बाकी ठिकाणी दार बंद आहे असे कळवले, की माझी जबाबदारी संपत असे. १ एप्रिल २०२४ पासून विमा नियामक आयआरडीएआयची नवी नियमावली आली, वयाची ती मर्यादा गेली आणि आधीपासूनच्या आजारांसाठीचा प्रतीक्षा कालावधी (ज्या काळात त्या आजारांचा दावा मिळत नाही तो) जास्तीत जास्त ४८ महिन्यांवरून ३६ महिन्यांवर आला. पुढे २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटीही शून्य झाला. तेव्हापासून सकाळी गोल्फ क्लब मैदानाच्या जॉगिंग ट्रॅकवर फेऱ्या मारणाऱ्या मंडळींपैकी कोणी ना कोणी मला थांबवून विचारतेच, "आता आम्हालाही मिळतो म्हणे मेडिक्लेम?" मिळतो, हे खरे आहे. पण मिळालेला मेडिक्लेम दवाखान्यात उभा राहील का, हे फॉर्म भरतानाच ठरते आणि त्या फॉर्मवर प्रतिनिधी म्हणून माझे नाव असते.

मागच्या महिन्यात इंदिरानगरमधील एका घरी गेलो होतो. गृहस्थ ७१ वर्षांचे, अंबडच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले. मुलगा पुण्यात नोकरीला. मुलाने व्हिडिओ कॉलवर सगळे आधीच ठरवून ठेवले होते. कवच दहा लाखांचे, हप्ता तो भरणार, ओटीपी त्याच्या मोबाइलवर येणार आणि वडिलांनी फक्त आधार कार्ड समोर धरायचे. आजारांच्या प्रश्नांना त्याने "बीपी आहे, बाकी काही नाही" असे उत्तर दिले. मी सवयीने म्हटले, चालू गोळ्या दाखवता का? काकूंनी आतून श्रीखंडाचा रिकामा डबा आणला. त्यात रबर लावून ठेवलेल्या औषधांच्या पट्ट्या होत्या. बीपीच्या गोळीखाली मधुमेहावरची मेटफॉर्मिन निघाली आणि तिच्याखाली रक्त पातळ ठेवणारी, क्लोपिडोग्रेल व ॲस्पिरिन एकत्र असलेली कॅप्सूल. ही कॅप्सूल कोणी हौसेने घेत नाही. विचारल्यावर काका अगदी सहज म्हणाले, "२०१७ साली स्टेंट टाकला होता. आता ठणठणीत आहे, रोज चार किलोमीटर चालतो." पडद्यावरचा मुलगा क्षणभर गप्प झाला आणि मग म्हणाला, "ते लिहू नका हो. आठ वर्षं झाली त्याला. लिहिलं तर घेणारच नाहीत. आणि पाच वर्षं हप्ते भरले की कंपनी काही विचारू शकत नाही, मी वाचलंय."

मी फॉर्म अर्धवट ठेवून, चहा घेऊन उठलो. आता माझ्यापुढे काही प्रश्न आहेत. पाच वर्षांबद्दल मुलगा जे म्हणतो ते कितपत खरे आहे? सगळे खरे लिहून पाठवले आणि कंपनीने नाकारले, तर वयाची अट उठवणाऱ्या नियमाचा काकांना उपयोग तो काय? फॉर्म इंग्रजीत, संमतीचा ओटीपी पुण्यात आणि आजार नाशिकमध्ये, अशा स्थितीत संमती नक्की कोणाची धरायची आणि मी माझ्याकडे कोणता पुरावा ठेवावा? शेवटचा प्रश्न जरा अवघड आहे, तरी विचारतो. मी नाही म्हटले तर दुसरा प्रतिनिधी हाच फॉर्म 'बीपी' एवढेच लिहून दहा मिनिटांत भरून देईल, हे मला माहीत आहे. त्यावर काय करावे?

उत्तर १ : निवृत्त अंडररायटर (प्रस्तावातील जोखीम तपासणारा अधिकारी), गंगापूर रोड

आपण औषधांचा डबा मागवलात ते उत्तम केलेत. तीस वर्षांच्या नोकरीत माझ्यासमोर आलेल्या ज्येष्ठांच्या प्रस्तावांपैकी जे पुढे वादात सापडले, त्यांतील बहुतेकांत आजार कोणी कपटाने लपवलेला नव्हता. तो कोणी विचारलेलाच नव्हता. "काही आजार आहे का?" असे विचारले तर आपल्याकडचा सत्तरीचा माणूस "नाही" म्हणतो, कारण त्याच्या हिशेबी मधुमेह हा आजार नसून वयाचा भाग असतो. "रोज कोणत्या गोळ्या घेता?" असे विचारले की तोच माणूस पाच नावे सांगतो.

आता नियमाकडे वळतो. वयाची मर्यादा गेली, याचा अर्थ कंपन्यांनी सर्व वयोगटांसाठी योजना उपलब्ध ठेवाव्यात असा आहे. प्रत्येक प्रस्ताव स्वीकारलाच पाहिजे, असे बंधन त्यात नाही. जोखीम स्वीकारण्याचे धोरण कंपनीचे संचालक मंडळ मंजूर करते आणि त्या धोरणानुसार प्रस्ताव नाकारता येतो; मात्र नकार कारणासह लेखी द्यावा लागतो. हा फरक पहिल्याच भेटीत सांगितलेला बरा, कारण वर्तमानपत्राचे कात्रण घेऊन येणाऱ्या माणसाला नकार आला की त्याला प्रतिनिधीनेच फसवले असे वाटते.

मुलाची "लिहिलं तर घेणारच नाहीत" ही समजूत अर्धीच खरी आहे. स्टेंट हा शब्द वाचून फाइल बाजूला ठेवणारे असतात, हे मी नाकारत नाही. पण अंडररायटरला शब्दापेक्षा कागद हवे असतात. २०१७ ची डिस्चार्ज समरी, अँजिओग्राफीचा अहवाल, अलीकडचा टू-डी एको, तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीएवनसी चाचणी, क्रिएटिनीन आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे सध्याच्या स्थितीविषयीचे पत्र एवढे एकत्र पाठवा. आठ वर्षे स्थिर असलेला रुग्ण आणि परवा छातीत दुखले म्हणून तपासणी झालेला रुग्ण हे दोघे फॉर्मवर सारखेच दिसतात. कागदांवर ते वेगळे दिसतात. अशा फाइलला लोडिंग म्हणजे वाढीव हप्ता लागेल, को-पे म्हणजे बिलाचा ठरावीक हिस्सा स्वतः भरण्याची अट लागेल, हृदयविकारासाठी ३६ महिने थांबावे लागेल, किंवा दहाऐवजी पाच लाखांचे कवच मिळेल. अर्धवट उत्तरांच्या फाइलला मात्र नकार मिळतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे आज स्वीकृती मिळते आणि नकार दाव्याच्या वेळी येतो.

हप्त्याबद्दल एक गोष्ट ग्राहकाला आवर्जून सांगा. ३० जानेवारी २०२५ च्या आदेशाने नियामकाने साठीपुढच्या विमाधारकांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा असल्यास आधी नियामकाशी विचारविनिमय करण्याचे बंधन कंपन्यांवर घातले. ज्येष्ठांसाठीची वैयक्तिक योजना बंद करायची असली तरी तेच बंधन आहे. हे चांगलेच झाले, कारण त्याआधीच्या वर्षांत नूतनीकरणाची नोटीस पाहून पॉलिसी सोडून देणारे सत्तरीचे लोक मी स्वतः पाहिले आहेत. पण ही मर्यादा वाढीवर आहे, पहिल्या हप्त्यावर नाही. पुढे मनासारखी वाढ करता येणार नाही म्हटल्यावर कंपनी प्रवेशाच्या वेळीच हात राखून हप्ता ठरवणार आणि निवडही कडक करणार, असा माझा कयास आहे.

पोर्टिंगबाबत, म्हणजे चालू पॉलिसी एका कंपनीतून दुसरीकडे नेण्याबाबत, थोडे कठोर लिहितो. १ एप्रिल २०२३ पासून कमिशनवरची योजनानिहाय मर्यादा गेली आणि कंपनीच्या एकूण व्यवस्थापन खर्चावर मर्यादा आली; सर्वसाधारण विमा कंपन्यांना एकूण हप्त्याच्या ३० टक्के आणि केवळ आरोग्यविमा करणाऱ्यांना ३५ टक्के. त्या मर्यादेत कोणत्या व्यवसायाला किती द्यायचे हे कंपनी ठरवते. परिणामी चांगली चाललेली जुनी पॉलिसी उगाच दुसरीकडे नेण्याचा मोह वाढला. पोर्टिंगमध्ये जुन्या विमा रकमेपुरता पूर्ण झालेला प्रतीक्षा कालावधी पुढे चालू राहतो, वाढवलेल्या रकमेसाठी तो नव्याने सुरू होतो आणि नव्या कंपनीला नकाराचा अधिकार असतो. माझ्या ओळखीतील ६८ वर्षांच्या एका बाईंना त्यांच्या प्रतिनिधीने "आता जुनीचा हप्ता भरू नका" असे सांगितले. नूतनीकरणाच्या तारखेला दहा दिवस उरले असताना नव्या कंपनीचा नकार आला. बाई घाबरल्या, पण शेजारच्या मुलाने सवलतीच्या मुदतीत जुनीचा हप्ता भरला म्हणून पॉलिसी वाचली. नव्याचा होकार लेखी हाती येईपर्यंत जुनीला हात लावू नये आणि पोर्टिंगचा अर्ज नूतनीकरणाच्या किमान ४५ दिवस आधी द्यावा.

नाशिककरांसाठी आणखी एक बारकावा आहे. काही योजनांत शहरांचे विभाग पाडलेले असतात. नाशिकचा हप्ता मुंबईपेक्षा कमी असतो, परंतु त्याच पॉलिसीवर मुंबईत शस्त्रक्रिया करून घेतली तर बिलाचा ठरावीक हिस्सा स्वतः भरावा लागतो. मुले मुंबई-पुण्यात असली की आईवडिलांचे मोठे ऑपरेशन तिकडेच होते, हे आपण सगळे जाणतो. तेव्हा विभागाचे कलम विक्रीआधी वाचून दाखवावे.

उत्तर २ : सिडकोतला एजंट

वरील साहेबांचे म्हणणे पुस्तकात शोभते. रोजचा व्यवहार थोडा वेगळा आहे. कंपनीच्या ॲपमध्ये 'हृदयविकार : होय' असे टिचकवले की पुढचे पान उघडतच नाही, प्रस्ताव स्वीकारता येत नाही अशी एक ओळ येते आणि विषय संपतो. लेखी नकार नाही, कारण नाही, कागद पाठवायला जागा नाही. मग ग्राहक विचारतो, "तुमच्याकडे एवढी वर्षं कशाला आलो?" मी स्वतः काही लपवत नाही, पण ग्राहकाने सांगितले तेवढेच लिहितो. औषधांचे डबे उघडायला मी डॉक्टर नाही. वर महिन्याचे टार्गेट असते, आणि जीएसटी गेल्यानंतर काही कंपन्यांनी आमच्या कमिशनलाच कात्री लावली आहे. हेही कोणी तरी लिहायला हवे होते, म्हणून लिहिले.

उत्तर ३ : निवृत्त अंडररायटर, गंगापूर रोड

ॲपबद्दलची तक्रार रास्त आहे. तेथे अडले की शाखेत कागदी प्रस्ताव फॉर्म मागावा, सोबतच्या कागदांची यादी जोडावी आणि पोचेचा शिक्का घ्यावा. प्रस्ताव रीतसर दाखल झाला, की नकारही लेखी मागता येतो. ॲपच्या पानावर अडलेली चौकशी प्रस्ताव म्हणून कोठे नोंदलीच जात नाही.

उत्तर ४ : वकील, कॉलेज रोड

मी ग्राहक आयोगातील विमाविषयक प्रकरणे चालवतो. प्रश्नकर्त्यांच्या शंका कायद्याच्या बाजूने पाहू.

पाच वर्षांची गोष्ट आधी घेतो. नव्या नियमांनुसार सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिली, की माहिती दिली नाही किंवा चुकीची दिली या कारणावरून कंपनीला पॉलिसी वा दावा नाकारता येत नाही. पूर्वी ही मुदत आठ वर्षांची होती. मुलाने वाचले ते येथवर बरोबर आहे. त्याने पुढचे वाक्य वाचलेले दिसत नाही: सिद्ध झालेल्या फसवणुकीला हे संरक्षण लागू नाही. विसरलेला आजार आणि "लिहू नका" असे सांगून गाळलेला आजार यांत कायद्याच्या नजरेने मोठा फरक आहे, आणि हल्ली असल्या सूचना व्हॉट्सॲपवर लिहिलेल्या सापडतात. शिवाय ही ६० महिन्यांची वाट काका कोणत्या वयात पाहणार आहेत? ७१ ते ७६. विम्याची गरज पडण्याची शक्यता ज्या वर्षांत सर्वांत जास्त, नेमक्या त्याच वर्षांत पॉलिसी कच्च्या धाग्यावर ठेवायची, असा हा बेत आहे.

लपवलेले बाहेर येते कसे, हे अनेकांना ठाऊक नसते. कंपनी गुप्तहेर पाठवते असा समज असतो. प्रत्यक्षात रुग्ण स्वतःच सांगतो. छातीत दुखते म्हणून मुंबई नाक्यावरच्या किंवा आणखी कुठल्या रुग्णालयात दाखल झाल्यावर ड्यूटीवरचे डॉक्टर विचारतात, पूर्वी काही झाले होते का? तेथे जिवाचा प्रश्न असतो, म्हणून माणूस खरे बोलतो. ते वाक्य केसपेपरवरील इतिहासाच्या रकान्यात जाते, केसपेपर कॅशलेसच्या अर्जासोबत टीपीएकडे (कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थेकडे) जातो आणि तेथील कर्मचारी तो प्रस्ताव फॉर्मशेजारी ठेवून पाहतो. कॅशलेसच्या अर्जावर एका तासात आणि डिस्चार्जच्या अंतिम मंजुरीवर तीन तासांत निर्णय द्यावा, असे २९ मे २०२४ च्या परिपत्रकात आहे. दोन कागदांतली विसंगती दिसायला एवढा वेळ पुष्कळ होतो.

सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल येथे शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत. सतवंत कौर संधू विरुद्ध न्यू इंडिया ॲश्युरन्स या २००९ च्या प्रकरणात मधुमेह आणि मूत्रपिंडाचा जुना विकार प्रस्तावात सांगितलेला नव्हता. कंपनीचा नकार न्यायालयाने कायम ठेवला. मनमोहन नंदा विरुद्ध युनायटेड इंडिया या प्रकरणात ६ डिसेंबर २०२१ रोजी निकाल लागला. तेथे परदेश प्रवासाच्या मेडिक्लेमसाठी अर्ज करताना विमाधारकाने मधुमेह सांगितला होता, वैद्यकीय तपासणीही झाली होती. अमेरिकेत उतरताच हृदयविकाराचा त्रास झाला आणि कंपनीने जुन्या आजाराचे कारण देऊन दावा नाकारला. न्यायालयाने विमाधारकाच्या बाजूने निकाल देताना, आरोग्याची स्थिती जाणून घेऊन पॉलिसी दिल्यानंतर कंपनीला त्याच कारणावर मागे हटता येणार नाही, अशी भूमिका घेतली. मुलाला हा दुसरा निकाल समजावून सांगा. फॉर्मवर लिहिलेला स्टेंट हा पुढे वडिलांच्या बाजूने उभा राहणारा पुरावा असतो.

ओटीपीचा प्रश्न महत्त्वाचा आहे. आधी प्रस्तावक, म्हणजे विम्यासाठी अर्ज करणारा, कोण ते ठरवा. मुलगा प्रस्तावक आणि वडील विमित व्यक्ती असतील, तर ओटीपी मुलाकडे जाणे गैर नाही, पण मग घोषणापत्र त्याचे आहे आणि स्टेंटची माहिती त्याला आहे, हे तो नाकारू शकणार नाही. वडील स्वतः प्रस्तावक असतील, तर ओटीपी त्यांच्याच मोबाइलवर गेला पाहिजे. फॉर्म दुसऱ्याने भरला असेल तर "मजकूर मला पूर्णपणे समजावून सांगण्यात आला आणि मला तो समजला" अशा आशयाचे प्रमाणपत्र फॉर्मच्या शेवटी असते. आपल्याकडे त्यावर न वाचता सही होते. काकांना ते मराठीत वाचून दाखवा आणि त्याखाली त्यांच्याच हस्ताक्षरात दोन ओळी व तारीख घ्या. पॉलिसीसोबत येणारे ग्राहक माहितीपत्रक मागणी केल्यास स्थानिक भाषेत द्यावे लागते. ते मराठीत मागा.

प्रतिनिधीच्या आचारसंहितेत, ग्राहकाला महत्त्वाची माहिती गाळण्यास प्रवृत्त करू नये असे स्पष्ट म्हटले आहे, आणि जोखमीवर परिणाम करणारी जी गोष्ट प्रतिनिधीला कळते ती कंपनीला कळवणे हेही त्याचे कर्तव्य आहे. सिडकोतील मित्रांना एवढेच म्हणेन की डबा उघडण्याची सक्ती आपल्यावर नाही, पण समोर उघडलेला डबा पाहिलाच नाही असे म्हणता येत नाही. "फॉर्म एजंटने भरला, मला माहीत नव्हते" हा बचाव आयोगापुढे कधी मानला जातो, कधी नाही. त्यावर विसंबून राहण्याचा सल्ला मी कोणत्याही पक्षकाराला देणार नाही. आणि ग्राहक टिकवण्यासाठी हप्त्यातला काही भाग स्वतःच्या खिशातून परत देण्याची जी पद्धत गावात आहे, ती विमा कायदा १९३८ च्या कलम ४१ खाली येते आणि दंड दहा लाख रुपयांपर्यंत आहे.

तक्रारीचा मार्ग थोडक्यात सांगतो. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी जावे. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालांकडे जाता येते. नाशिकसाठी ते पुण्यात आहेत, ५० लाखांपर्यंतचे वाद पाहतात, शुल्क घेत नाहीत आणि वकील लागत नाही. हे वाक्य लिहिताना माझेच नुकसान करतो आहे, पण ते खरे आहे. मोठ्या किंवा गुंतागुंतीच्या प्रकरणासाठी जिल्हा ग्राहक आयोग नाशिकमध्येच आहे. तेथील मुदत दोन वर्षांची.

उत्तर ५ : निवृत्त शिक्षिका, पंचवटी

माझे वय ७४. हे सगळे वाचताना मनात आले की येथे आमच्याबद्दल पुष्कळ बोलले गेले, आता आमच्यापैकी कोणी बोलायला हरकत नाही.

मागच्या वर्षी एका बँकेत मुदत ठेव नूतन करायला गेले होते. काउंटरवरच्या मुलीने अतिशय गोड बोलून चार ठिकाणी सह्या घेतल्या. घरी आल्यावर कळले की त्यांतली एक सही आरोग्यविम्याची होती. पॉलिसी पोस्टाने आली, इंग्रजीत, बारीक टाइपात. मी भिंग घेऊन दोन दुपारी ती वाचली. साठीपुढच्या सभासदाने प्रत्येक बिलाचे ३० टक्के स्वतः भरायचे आणि मोतीबिंदूसाठी दोन वर्षे थांबायचे, असे त्यात होते. मला तर त्याच वर्षी डाव्या डोळ्याचे ऑपरेशन करायचे होते. पॉलिसी मिळाल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते, हे माझ्या भाच्याने सांगितले. मी मराठीत अर्ज लिहून दिला. अर्ज इंग्रजीत हवा, असे मला सांगण्यात आले. मी म्हटले, विकताना तुम्ही मराठीत बोललात, मग परत घेताना मराठी वाचता येईल. जेवढे दिवस जोखीम होती तेवढ्याचा हप्ता आणि मुद्रांक शुल्क कापून पैसे परत आले.

प्रश्नकर्त्यांना माझा एक प्रश्न आहे. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येकाला उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते. वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंतचे उपचार, योजनेशी जोडलेल्या रुग्णालयांत. खासगी मेडिक्लेम असला तरी ते काढता येते. नवराबायको दोघेही सत्तरीपुढचे असतील तर पाच लाख दोघांत मिळून असतात. बाह्यरुग्ण तपासणी आणि रोजच्या गोळ्या त्यात येत नाहीत. आणि आपल्याला हवे ते रुग्णालय यादीत असेलच असे नाही. या मर्यादा आहेतच. पण आपण इंदिरानगरच्या त्या गृहस्थांना हे कार्ड आहे, असे सांगितलेत का? आपल्या लेखनात मला ते कुठे दिसले नाही. माझ्याकडे आलेल्या तीन प्रतिनिधींपैकी एकानेही ते सांगितले नव्हते. कारण मी समजू शकते.

उत्तर ६ : सातपूरचा निवृत्त कामगार

ज्यांची नोकरी ईएसआयमध्ये (कामगार राज्य विमा योजनेत) झाली त्यांच्यासाठी. निदान पाच वर्षे विमाधारक म्हणून नोकरी होऊन वयोमानाने निवृत्त झाला असाल, तर वर्षाला १२० रुपये भरून नवराबायको दोघांना ईएसआयचे उपचार चालू ठेवता येतात. सातपूरच्या कामगार रुग्णालयात रांग असते, औषधे कधी मिळतात कधी नाही. तरी वर्षाला १२० रुपये आहेत. अंबडच्या काकांनी कारखान्यातील जुना विमा क्रमांक शोधावा. शेवटच्या काळात पगार ईएसआयच्या मर्यादेबाहेर गेला असेल तर मात्र आधी कार्यालयात चौकशी करावी.

प्रश्नकर्त्याचे प्रत्युत्तर : नाशिकरोडचा विमा प्रतिनिधी

सर्वांचे आभार. बाईंच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो: नाही, सांगितले नव्हते. विसरलो असेही म्हणणार नाही. दहा लाखांचे कवच ठरलेले असताना पाच लाखांच्या मोफत कार्डाचा विषय काढला तर बैठक मोडेल, हे मनात कुठेतरी होते.

तीन आठवड्यांपूर्वी पुन्हा इंदिरानगरला गेलो. मुलगा सुट्टीवर आलेला होता, त्यामुळे बोलणे समोरासमोर झाले. वकीलसाहेबांनी सांगितलेला केसपेपरचा प्रवास त्याला सांगितला, तेव्हा काकाच मध्ये बोलले, "मी तर दाखल होताना सांगणारच. मागच्या वर्षी दात काढायला गेलो तेव्हासुद्धा सांगितलं होतं, रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे म्हणून." त्यावर मुलाकडे उत्तर नव्हते. प्रस्तावक म्हणून काकांचेच नाव घातले. २०१७ ची डिस्चार्ज समरी माळ्यावरच्या पेटीत सापडली. तिची वरची कड कसरीने खाल्ली आहे, पण तारीख आणि स्टेंटची संख्या वाचता येते. एको आणि रक्ताच्या तपासण्या नव्याने केल्या.

पहिल्या कंपनीच्या ॲपने सिडकोच्या मित्रांनी लिहिले तसेच तोंडावर दार लावले. शाखेत कागदी फॉर्म द्यायला गेलो, तर तेथील अधिकाऱ्याने "कशाला वेळ घालवता?" असे विचारले. पोच घेतली. बाराव्या दिवशी हृदयविकाराच्या पूर्वेतिहासामुळे प्रस्ताव स्वीकारता येत नाही, असे पत्र आले. दुसऱ्या कंपनीने पाच लाखांचे कवच देऊ केले आहे: हप्त्यावर लोडिंग, २० टक्के को-पे आणि हृदयविकार व मधुमेहासाठी ३६ महिन्यांचा प्रतीक्षा कालावधी. मुंबईत उपचार घेतल्यास आणखी १० टक्के. हप्त्याचा आकडा पाहून मुलगा म्हणाला, एवढ्या पैशांची दरमहा ठेव केली तर? हा प्रश्न चुकीचा नाही आणि त्याचे उत्तर देण्याचा अधिकार माझा नाही, असे मी त्याला सांगितले.

वय वंदना कार्डाची नोंदणी त्याच बैठकीत काकांच्या मोबाइलवर केली. चेहरा ओळखण्याची पायरी तीनदा अडली; चष्मा काढून, खिडकीजवळ खुर्ची नेऊन चौथ्यांदा जमले. ईएसआयचा जुना क्रमांक काकूंना एका वहीत सापडला आहे. काकांचा पगार निवृत्तीपूर्वी सहा-सात वर्षे मर्यादेबाहेर होता, त्यामुळे तेथे काय होईल ते सोमवारी सातपूरला जाऊन विचारणार आहे. दुसऱ्या कंपनीच्या देकाराची मुदत पुढच्या शुक्रवारपर्यंत आहे. काकांनी तो कागद मराठीत लिहून मागितला, आणि तो मी आज रात्री त्यांना लिहून देतो आहे.